रविवारच्या सह्या

सिल्वासाच्या आमली भागातल्या एका मेडिकलच्या भिंतीवर सहा वर्षं माझा फोटो लावलेला होता. हार तेवढा नव्हता. काचेच्या चौकटीत माझं फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याच्या कोपऱ्यात मी, फोटोवाल्याच्या दिव्याने डोळे विस्फारलेली. नवरा म्हणायचा, "कुणीतरी मागून भ्यॉ केल्यासारखी दिसतेस त्यात." खरंच होतं ते. मी मुळात भित्री. घरात पाल दिसली की मी पलंगावर आणि ती भिंतीवर, अशा आम्ही दोघी तासभर एकमेकींवर नजर ठेवून असतो. पण पालीची भीती ही चैनीची भीती, हे मला फार उशिरा कळलं.

कायदा असा आहे की औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय चिठ्ठीवरची औषधं विकता येत नाहीत. आणि वहिवाट अशी की प्रमाणपत्र हजर असलं म्हणजे माणूस हजर धरायचा. माझी नोकरी सिल्वासातल्या एका शाळेत, प्रयोगशाळेत. सकाळी आठ ते अडीच मुलांच्या हातून परीक्षानळ्या वाचवणं हे माझं काम. मेडिकलचे मालक आमच्या धुळे जिल्ह्यातले. लग्न होऊन इथे आलो तेव्हा पहिली खोली त्यांनीच बघून दिली होती, नवऱ्याला खडोलीच्या कंपनीत त्यांनीच चिकटवलं होतं. मी त्यांना काका म्हणायचे. ते म्हणाले, "पोरी, तुनं सर्टिफिकेट पेटीमा पडेल शे, ते भिंतवर राहीन." नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? शिवाय महिन्याला थोडे पैसेही मिळणार होते. मी खिळा ठोकायला सुद्धा गेले नाही, प्रमाणपत्र नवऱ्याच्या हाती पाठवलं.

दुकान खऱ्या अर्थाने चालवायचा तो सुरंगी गावचा एक माणूस. चाळिशीचा, म्हणजे माझ्याहून चांगला पाचसहा वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा. शिक्षण दहावी, पण सिल्वासातला एकही डॉक्टर असा नव्हता ज्याचं अक्षर त्याला लागत नसे. मला लागायचं नाही. रविवारी सकाळी मी स्कूटीवर जायचे, तेव्हा तो काउंटरच्या मागचं स्टूल पुसून ठेवायचा, पेन चालतंय का ते हातावर रेघ ओढून बघायचा आणि माझ्यापुढे एक रजिस्टर उघडायचा.

काही औषधं अशी असतात की त्यांची सवय लागते, म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते. तारीख, रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं. आमच्या रजिस्टरला शेवटी एक रकाना होता, फार्मासिस्टच्या सहीचा. मी गेल्या आठवड्याच्या सगळ्या ओळींवर सह्या करायचे. आणि मग, हे सांगताना आजही माझे कान गरम होतात, मी पुढच्या दहाबारा रिकाम्या ओळींवरही सह्या करून ठेवायचे. नोंद नाही, नाव नाही, औषध नाही, नुसती माझी सही. मधेच कुणी तपासायला आलं तर रजिस्टर अपुरं दिसू नये म्हणून. ही युक्ती काकांची नव्हती हो. माझीच होती. मला ती फार हुशारीची वाटली होती.

सरकारी माणूस आलाच तर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. तो म्हणायचा, "ताई आत्ताच जेवायला गेल्यात, येतीलच," आणि मला फोन लावायचा. सहा वर्षांत दोनदा असं झालं. दोन्ही वेळा मी शाळेतून पोटात दुखतंय सांगून निघाले, धापा टाकत पोचले आणि खुंटीवरचा पांढरा कोट चढवला. पोटात खरंच दुखत होतं. दुसऱ्या वेळी निरीक्षक साहेब गेल्यावर आम्ही तिघांनी समोरच्या टपरीवरून कोकम सरबत मागवून प्यायलं आणि हसलो.

सुरुवातीला त्या रजिस्टरचं पान भरायला महिना लागायचा. मग पंधरा दिवस लागायला लागले. मग एका रविवारी मी सह्या करत गेले, पान उलटलं, पुन्हा उलटलं. औषध एकच, ट्रामाडॉल. दुखण्यावरचं, अफूच्याच जातकुळीचं. डॉक्टरही एकच, आणि त्या डॉक्टरांना दवाखाना बंद करून गाव सोडल्याला वर्ष होत आलं होतं.

"हे एवढं घेतं कोण?" मी विचारलं.

"कंपनीवाले, ताई," तो म्हणाला. "बारा बारा तास मशीनवर उभा राहायला लागतं ना. ते तिला उभी गोळी बोलतात. पाय दुखत नाय, झोप येत नाय. पहिला दोन गोळ्या न्यायचे, आता आखी स्ट्रिप मागतात. नाय दिली तर हातापाया पडतात. एकाला तर काउंटरवर घाम फुटला, थरथरायला लागला."

"आणि तुम्ही देता?"

"शेठ बोलतात द्यायची." मग त्याने रजिस्टरकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही बोला ना त्यांना."

मी बोलले. खोटं कशाला सांगू, बोलले मी. काका त्या वेळी दुकानाच्या मागे पुठ्ठ्याची खोकी फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "दुखणं शे त्यास्ले, पोरी. आपुन नही दिधी त बाजूवाला दी." मी "हो, पण" एवढं म्हणाले आणि थांबले. माझी दोन वर्षांची पदविका, औषधशास्त्राचा पेपर, त्यात या औषधाने फिट येऊ शकते, श्वास मंदावतो, सोडताना शरीर उलटतं असं मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं उत्तर, हे सगळं त्या "हो, पण" मध्ये मावलं आणि संपलं. पुढच्या रविवारी मी परत गेले. सह्या जरा भराभरा केल्या, एवढाच फरक. रोग्यांच्या नावांचा रकाना मी हाताने झाकून घ्यायला शिकले होते.

मग एका मंगळवारी दुपारी नववीचं प्रात्यक्षिक चालू असताना फोन आला. त्याचाच होता, पण ठरलेलं वाक्य तो बोलला नाही. म्हणाला, "ताई, या. पोलीस पण आहे."

मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. हेल्मेट शाळेत राहिलं एवढं आठवतं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत काका, तो, दोन पोलीस आणि औषध निरीक्षक, एक हळू आवाजाचे, कोकणातले वाटणारे गृहस्थ. खडोलीच्या एका सूत कारखान्यात सकाळच्या पाळीत एका कामगाराला मशीनवर फिट आली होती. पडताना हात आत गेला. दोन बोटं गेली. दवाखान्यात त्याच्या खिशात त्याच गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा सापडल्या, एक जवळजवळ रिकामी, आणि त्या बिलाच्या चिटोऱ्यात गुंडाळलेल्या होत्या. बिल आमच्या दुकानाचं.

खुंटीवरचा पांढरा कोट घ्यायला माझा हात आपोआप वर गेला होता. तो तसाच खाली आणला.

निरीक्षकांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती. तिच्याखाली अकरा ओळी कोऱ्या. आणि प्रत्येक कोऱ्या ओळीच्या शेवटी माझी सही, वर वळवलेल्या शेपटासकट.

"हे जरा समजलं नाही मला," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "औषध अजून विकलेलं नाही, रोगी अजून आलेला नाही, आणि फार्मासिस्टने आधीच खात्री करून ठेवलीय. उद्या दहाला ऑफिसात या. जबाब घ्यायचाय."

मी नुसती मान हलवली. कशाला हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी काका घरी आले. मी चहा केला, कारण हात कशाततरी गुंतवायला हवे होते, आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चहाबद्दल काहीच बोलले नाहीत. यावरून मला कळलं की ते किती घाबरलेत.

"पोरी, कसाले घाबरस?" ते म्हणाले. "सरळ काम शे. सही तुनी नही, इतलंच सांग. दुकानमा तो एकटाच राहस. त्यानीच मारी दिधी. कोऱ्या ओळीस्वर कोन सही करी ठेवस? शिकेल मानूस करी का असं? कोनीबी इश्वास ठेवी."

हेच तर भयंकर होतं. कुणीही विश्वास ठेवला असता. माझी ती हुशारी इतकी मूर्खपणाची होती की ती एखाद्या फार्मासिस्टने केली असेल हे कुणाला पटलंच नसतं. दहावी शिकलेल्या माणसाने केली असेल हे चटकन पटलं असतं.

काका गेल्यावर नवऱ्याने मोबाइलवर तो कायदा काढला. ट्रामाडॉल आता नशेच्या औषधांच्या कायद्यात येतं. तो वाचत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघत होते. जामीन सहज मिळत नाही, हे त्याने दोनदा वाचलं. मधेच मुलगी आली आणि गणितातलं काहीतरी विचारायला लागली. तिसरीत होती. तिला हातच्याची वजाबाकी समजावताना माझा आवाज इतका चिरका निघाला की तिने वहीवरून मान वर केली.

"काय सांगायचं ते सांग," नवरा म्हणाला. "पण घरी ये."

ऑफिसात एक लांब टेबल होतं, वर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. निरीक्षकांनी रजिस्टरची ती पानं पुढे ठेवली.

"या सह्या तुमच्या आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. जगात मला इतकं नक्की ठाऊक असलेलं दुसरं काही नव्हतं. मी त्या सह्यांकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे तुरुंग वगैरे आला नाही. मुलीला शाळेतून आणायला तीन वाजता कोण जाणार, एवढंच आलं. आणि मी म्हणाले, "नाही. माझ्या वाटत नाहीत."

"मग कुणी केल्या?"

"दुकानात तोच असतो," मी म्हणाले. आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सहा वर्षांत मी त्याला नावाने हाकही मारली नव्हती.

त्यांनी मला कोऱ्या कागदावर दहा सह्या करायला सांगितल्या, नमुन्यासाठी. मी केल्या. शेपूट वर वळवायच्या ऐवजी खाली नेलं. हात थरथरत होता, त्याची मदतच झाली. बाहेर आले तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला असं काहीसं मनात आलं. वाटेत थांबून मी मुलीसाठी पेरू घेतले. चांगले निवडून घेतले. ते पेरू निवडणारी बाई मला आजही दिसते आणि तिच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याला सुरंगीहून उचललं.

भीती गेली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण ती गेली नाही, तिने नुसती जागा बदलली. आधी मला निरीक्षकांची भीती होती, आता सगळ्यांचीच वाटायला लागली. दारावर कुरिअरवाला आला तरी मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहायचे. शाळेत शिपाई "बाई, तुम्हाला खाली बोलावलंय" म्हणाला की मी हातातलं चंचुपात्र आधी खाली ठेवायचे, सुटून फुटेल म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चांदण्यात निदान दिसतं तरी. मला काही दिसतच नव्हतं. सही करायची वेळ आली की पेन अडायचं. मुलांच्या जर्नलवर सही करताना मी शेपूट वर नेऊ की खाली, या विचारात पडायचे. बँकेत एकदा सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला, तेव्हा मी तो फाडला आणि पैसे न काढता घरी आले.

त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला नक्की ठाऊक नव्हतं. बायको आहे, आई आहे, दोन मुली आहेत, थोडी भातशेती आहे, एवढं कधीतरी बोलण्यात आलं होतं. ते दिवस भातकापणीचे होते. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांचं भात कोण कापत असेल?" नवरा म्हणाला, "तू कापायला जाणारेस का?" वाईट माणूस नाही तो. त्यालाही झोप नव्हती.

त्याच्या अटकेच्या चौदाव्या दिवशी मला पुन्हा ऑफिसात बोलावलं. काकांनी फोनवर बजावलं, "आधी सांगेल तेच सांगजो. एक शब्द इकडनं तिकडं नको."

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, मांडीवर कापडी पिशवी आणि त्यातून डोकावणारे दवाखान्याचे कागद. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं आणि सरकून जागा दिली.

"तुम्ही मेडिकलवाल्या ताई ना?" ती म्हणाली. "तुमना फोटो शे ना दुकानमा, भिंतवर. मी वळखं."

बोटं गेलेल्या कामगाराची बायको होती ती. नंदुरबारकडची. नवरा वाचला होता, पण गोळी बंद झाल्यापासून रात्रंदिवस तळमळत होता, अंगावरचे कपडे ओढत होता. ते सांगताना ती रडली नाही. रडण्याच्या पलीकडे गेलेली असावी. मग तिने जे सांगितलं ते तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे आधी लक्षात घ्या.

"दुसऱ्या दुकानमाबी भेटे ती गोळी," ती म्हणाली. "पण मीच सांगू यास्ले, तथूनच आना. तथं शिकेल बाई शे. काई खराब रहातं त ती देती नही."

मला उठून पळून जायचं होतं. पण आतून माझं नाव पुकारलं गेलं.

निरीक्षकांनी या वेळी रजिस्टर काढलंच नाही. एक टाइप केलेला कागद काढला. "त्याचा जबाब आहे," ते म्हणाले. "तुमच्या जबाबाशी जुळत नाही. म्हणून वाचून दाखवतो."

आणि त्यांनी वाचलं, सरकारी मराठीत, सपाट आवाजात. ताई रोज दुकानात असतात. प्रत्येक औषध ताई स्वतः तपासतात. त्या दिवशी त्या जेवायला गेल्या होत्या. गोळ्या मी त्यांना न विचारता दिल्या. चूक माझी आहे, ताईंची नाही. सह्या ताईंच्या आहेत, कारण त्या रोज असतात.

त्याला वाटत होतं तो मला वाचवतोय. सहा वर्षं आम्ही त्याला जे शिकवलं होतं तेच तो पोलीस कोठडीत, कुणी दमात घेतलं तरी, धरून बसला होता. मी काय लिहून दिलंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्याचा विश्वास बसला नसेल.

"आता यातलं खरं कोण?" निरीक्षकांनी विचारलं.

"दोघंही नाही," मी म्हणाले.

मग मी बोलायला लागले आणि मला थांबता येईना. रविवार, रिकाम्या ओळी, भिंतीवरची चौकट, खुंटीवरचा कोट, ते सरबत, काकांचं वाक्य, माझं "हो, पण". सह्या माझ्या आहेत. सगळ्या. कोऱ्या ओळींवरच्याही. त्याने एकही केलेली नाही. नमुन्याच्या दहा सह्या मी मुद्दाम वाकड्या केल्या होत्या. मधे एकदा मी टेबलाच्या काचेवर दोन्ही तळहात दाबून धरले कारण मला वाटलं मी खुर्चीवरून पडेन. धैर्य वगैरे काही नव्हतं हो त्यात. ती बाई दाराबाहेर बाकावर बसलेली होती आणि मला तिच्यासमोरून बाहेर जायचं होतं, इतकंच.

सगळं लिहून झाल्यावर निरीक्षकांनी चष्मा काढला. "मग पहिल्यांदा 'नाही' का म्हणालात?"

"घाबरले."

"आता नाही घाबरलात?"

"जास्त घाबरलेय," मी म्हणाले. त्यांनी तेही लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

नंतर आमच्या वकिलांनी सांगितलं, हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल यायला कित्येक महिने लागले असते आणि थरथरत्या हाताच्या नमुन्यावरून त्यातून ठाम काही निघालंही नसतं. म्हणजे मी गप्प बसले असते तर कदाचित सुटले असते. वकिलांनी हे मला अशा सुरात सांगितलं जसं एखाद्याला सांगावं की तुम्ही उतरलात त्याच्या पुढच्याच थांब्यावर तुमचं घर होतं.

खोट्या सह्यांचं कलम त्याच्यावरून उतरलं, सापडलेल्या गोळ्याही थोड्या होत्या, म्हणून सोळाव्या दिवशी त्याला जामीन मिळाला. खटला मात्र तिघांवरही आहे. काका म्हणतात आम्ही दोघं संगनमताने त्यांना फसवत होतो. माझी नोंदणी निलंबित झाली, शाळेने मला घरी बसवलं, दुकानाला सील लागलं. मलाही एक रात्र कोठडीत काढावी लागली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. जामिनावर बाहेर आहे. जामीन कधी रद्द होईल, निकाल काय लागेल, मुलगी तेव्हा कितवीत असेल, हे प्रश्न मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी एकदा विचारून घेते. उत्तर मिळत नाही. मग उठते आणि डबा करते.

पहिल्या तारखेला मी त्याला कोर्टाच्या आवारात बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. उंची तेवढीच, पण माणूस अर्धा झाल्यासारखा दिसत होता. मी त्याच्याकडे गेले. मी काय काय बोलायचं ते पाठ करून आले होते. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "माझं चुकलं. मी फार घाबरले होते."

त्याने मान हलवली. भात त्याच्या बायकोने आणि थोरल्या मुलीने कापलं होतं, जमेल तेवढं. उरलेलं शेतात झडून गेलं. हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, तक्रार म्हणून नाही. आत दुसऱ्या कुणाचं तरी प्रकरण चाललं होतं.

"तुम्ही घाबरल्या ते समजला मला, ताई," तो शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "मी पण घाबरलो होतो. पण एक विचारू? माजा नाव घेताना भीती नाय वाटली तुम्हाला?"

मी आठवून बघितलं. ती काच, काचेखालची कॅलेंडरं, निरीक्षकांचं पेन. त्या दिवशी मला तुरुंगाची भीती वाटली होती, काकांची, लोकांची, तीन वाजताच्या शाळेच्या फाटकाची, स्वतःच्या हाताची. आयुष्यभर सगळ्याला घाबरत आलेली मी, तेवढं एक नाव मात्र सहज घेऊन मोकळी झाले होते.

"नाही," मी म्हणाले. "नाही वाटली."

मग आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला आणि तो माझ्या पुढे होऊन आत गेला.